तळाशीलचं घर: ९ जण, ५ दिवस आणि १४ मिनिटांची फिल्म

फेब्रुवारीत आम्ही मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-तळाशीलला एका घरगुती निवास-न्याहारीत ५ दिवस राहिलो. पर्यटनाला नाही, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची शॉर्ट फिल्म शूट करायला. दिग्दर्शन माझं होतं. फिल्म करणाऱ्या मुलामुलींना राहायला जागा शोधताना काय बघायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. घराचं नाव आणि फोन नंबर मात्र देत नाही. ते छापू नकोस असं घरमालकीण काकींनीच सांगितलंय. एका वेळी एकच ग्रुप ठेवतात आणि नुसत्या चौकशीच्या फोनांना उत्तरं देत बसायला त्यांना सवड नसते. आचऱ्याच्या बाजूने तोंडवळीत शिरल्यावर 'शुटिंगवाली पोरं राहिली होती ते घर' म्हणून विचारा, कुणीही दाखवेल.

आधी जागेबद्दल. तळाशील म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला गड नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड, सुरू आणि घरं. सूर्य खाडीकडून उगवतो आणि समुद्रात मावळतो, आणि दोन्ही ठिकाणं घरापासून पायी. कॅमेऱ्याच्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं? आम्ही कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे आलो. ट्रायपॉड, दिवे, बॅगा असं सगळं एकाच टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. घर चिऱ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मधे माजघर, मागे विहीर. राहायला ३ खोल्या. माणशी दिवसाला ९०० रुपये, त्यात न्याहारी आणि दोन वेळचं जेवण. माजघरात शूटिंग केल्याचे वेगळे पैसे त्यांनी मागितले नाहीत. निघताना विजेचे म्हणून आम्ही २,००० ठेवले, तेही काकांनी दोनदा परत केल्यावर.

आमची गोष्ट साधी होती. रापण ओढण्यात आयुष्य गेलेले एक आजोबा आपल्या शहरातून आलेल्या नातीला सुंभाचा दोर गुंडाळायला शिकवतात. बस्स. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं मिळून ओढतात. वाटाही मिळूनच होतो. हे मी लिहिलं होतं वाचून आणि व्हिडिओ बघून. शूटिंगचं वेळापत्रकही कोल्हापुरात बसूनच केलं होतं, रंगीत रकाने पाडून. पहिल्या दिवसाच्या रकान्यात होतं: सकाळी ८ ते ९:३० किनाऱ्यावरचे वाईड (लांबून सगळं दाखवणारे शॉट), ९:३० ते १२ क्लोजअप (अगदी जवळून घेतलेले).

८ वाजता किनारा लांबरुंद, ओला, चमकणारा. वाईड सुरेख मिळाले. एकेक टेक परत बघताना आम्ही खूश. क्लोजअपसाठी लेन्स बदलली, आबांना (काकांचे चुलते, सत्तरी पार केलेले, तेच आमचे आजोबा) परत त्याच जागी उभं केलं, आणि तोवर ती जागा राहिली नव्हती. पाणी त्यांच्या घोट्याला लागत होतं. साडेदहाला आबा आणि नात दोघं सुरूच्या मुळांपर्यंत सरकले होते. वाईडमध्ये मागे पन्नास पावलं वाळू, क्लोजअपमध्ये पायाशी फेस. एकाच संवादातली दोन वाक्यं दोन वेगळ्या समुद्रांवर बोलली जात होती. अर्ध्या दिवसाचं काम गेलं, आणि चूक सर्वस्वी माझी होती. वर्गात आम्हाला शिकवतात की आधी सगळे वाईड उरकून घ्या, मग कॅमेरा जवळ न्या. खोलीत ते बरोबर आहे. भरतीच्या पाण्यात नाही.

त्या दिवशी नंतर काका पडवीत येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "आज पुनव मा? मगे पंधराची पाऊण कर." मला कळेना. त्यांनी बोटांवर समजावलं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती पुरी व्हायची वेळ सव्वाअकराच्या आसपास. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. ओहोटी तिथून साधारण सव्वासहा तासांनी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा ठोकताळा आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आमच्या रंगीत रकान्यांपेक्षा तो हजार पटींनी खरा होता. शिवाय पुनवेला आणि अवसेला उधाणाची भरती, पाणी वरपर्यंत चढतं आणि ओहोटीला तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. आम्ही नेमकी उधाणाची पुनव गाठून आलो होतो आणि ते आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग काकांनी त्यांचं कॅलेंडर भिंतीवरून काढून माझ्या वेळापत्रकाशेजारी ठेवलं आणि आम्ही दोघांनी उरलेले ४ दिवस नव्याने मांडले. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला ओहोटीचा तळ होता. तळाला पाणी तासभर जवळजवळ जागचं हलत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही पावणेसातला, उजाडता उजाडता, दोर हातात घेऊन तयार होतो. या वेळी शॉटची यादी पाण्याच्या क्रमाने लावली होती: संवादाचे तीन तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्याचा वाईड आणि क्लोजअप लागोपाठ घेतला. लेन्स सहा वेळा बदलावी लागली. दर वेळी पाठीमागच्या बॅगेत, वाऱ्याकडे पाठ करून. त्रास झाला, पण सव्वाआठला सीन पुरा झाला होता आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत समुद्र एकच होता.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट आपोआप जमली: आवाज. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, परीक्षेपुरते. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्रावरून आत येतो तो खारा, रात्री जमीन लवकर निवते म्हणून जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. माइक हातात धरल्यावर त्याचा अर्थ कळतो. दुपारी दोनला किनाऱ्यावर रेकॉर्ड केलेला एकही शब्द वापरता आला नाही. माइकवर फोमची टोपी होती, पण त्या वाऱ्यापुढे फोम काहीच नाही, केसाळ टोपीच लागते आणि ती आम्ही आणली नव्हती. पहाटे वारा पाठीमागून, झाडांनी अडवलेला, मंद. लाटा असतात, पण लाटांचा आवाज सोबत चालतो. माइकच्या तोंडावर आपटणारा वारा चालत नाही. म्हणून जाणाऱ्यांना सांगते, किनाऱ्यावरचे संवाद ९ च्या आत उरका आणि प्रत्येक जागेचा नुसता आवाज, कुणी न बोलता, निदान दोन मिनिटं वेगळा भरून घ्या. लाट प्रत्येक टेकला वेगळी असते. एडिटला दोन वाक्यांच्या मधे लाट तुटली की कानाला लगेच कळतं, आणि ती फट बुजवायला हा नुसता आवाजच कामी येतो.

माजघर हे या घराचं वैभव आहे. चिऱ्याच्या भिंतींमुळे आतला उजेड तांबूस येतो, माणसांचे चेहरे न सजवता सुंदर दिसतात. कौलांमध्ये एकच काचेचं कौल आहे. त्यातून उन्हाचा एक चौकोनी तुकडा जमिनीवर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. मी तो पाहिला आणि पटकथेत नसलेला सीन मनात धरला: नात त्या तुकड्यात बसून एकटीच दोर गुंडाळायचा प्रयत्न करते. चौथ्या टेकपर्यंत ऊन तिच्या मांडीवरून गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून जमिनीवर गेलं होतं. काकी चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, ऊन जात्यापाशी पोचलं की मी भात लावते, म्हणजे तुला अजून अर्धा तास आहे, पण मुलीला तू त्याच्या पुढे बसव, ऊन तिच्याकडे येऊ दे. आम्ही तिला वीतभर पुढे बसवलं. पाचव्या टेकमध्ये दोराची गाठ पडत असताना ऊन तिच्या बोटांवर येऊन पोचतं. फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट तो आहे आणि तो काकींच्या भाताच्या घड्याळावर घेतलेला आहे.

खिडकीतलं ऊन मऊ करायला आमच्याकडे कापड नव्हतं. काकांचे धुऊन धुऊन विरलेले दोन पांढरे पंचे खिडकीवर टाचले. काम झालं. घरातल्या एलईडी दिव्यांखाली शूट करताना सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं तर चित्र लुकलुकत नाही, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. हे आम्ही पहिल्याच रात्री तपासलं, तेवढं बरं केलं.

आता एक प्रसंग, जो सांगायला मला अवघड जातंय. दुसऱ्या दिवशी माजघरात संवाद रेकॉर्ड करताना स्वयंपाकघरातला फ्रिज घुमत होता. काकींना विचारून बंद केला. सीन झाला, आम्ही सगळे खाडीवर गेलो, आणि फ्रिज परत चालू करायचं कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी सहाला काकींनी दार उघडलं. आमच्याच रात्रीच्या जेवणासाठी सकाळी आणलेली सुरमई खराब झाली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. मासे उचलून मागे माडाच्या आळ्यात पुरून आल्या, हात धुतले आणि कुळीथाच्या पिठीला फोडणी दिली. पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा. मला घास गिळवेना. पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "माडाक खत झाला, माशे फुकट नाय गेले." त्या रात्रीपासून आम्ही नियम केला: फ्रिज बंद करायचा तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्ली घेतल्याशिवाय निघता येत नाही, म्हणजे फ्रिज चालू केल्याशिवायही निघता येत नाही. साऊंडची माणसं हे सर्रास करतात असं मला नंतर कळलं. पण माझ्यासाठी तो नियम त्या माशांमधून आला आहे. दुसऱ्याच्या घरात शूटिंग करताना आपण कशाला हात लावला याची वही ठेवायची, तीही तेव्हापासूनच. बंद केलेला पंप, काढलेली तसबीर, सरकवलेलं जातं, सगळं लिहून.

जेवणाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण शूटिंग जेवणावर चालतं. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. दहाच्या ठोक्याला उकड्या तांदळाची पेज, खारातली कैरी आणि कधी सुकट. माझ्या वेळापत्रकात सकाळच्या ब्रेकला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी काकी पेजेचं टोप घेऊन किनाऱ्यावर आल्या आणि मी म्हटलं, दोन शॉट राहिलेत. त्यांनी माझ्याकडे न बघता पोरांना हाक मारली, "आधी पेज जेवा, मगे काय ता शुटिंग करा." मला तेव्हा राग आला होता. दुसऱ्या दिवसापासून मी दहाचा ब्रेक पक्का केला, आणि दुपारच्या उन्हात जी चिडचिड सुरू होते ती आमच्याकडे झालीच नाही. रात्री बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं, किंवा तिसऱ्या (शिंपल्या). सोलकढी रोज. आमच्यातल्या दोघी शाकाहारी होत्या, त्यांना एकदाही नुसत्या वरणभातावर बसवलं नाही.

आबांनी आयुष्यात कधी अभिनय केला नव्हता. पहिले दोन दिवस मी त्यांना भावना सांगत होते: आबा, तुम्हाला इथे वाईट वाटतंय, नात परत जाणार आहे. ते तोंड कसनुसं करून उभे राहायचे. एका दुपारी कॅमेरा बंद असताना ते नातीचं काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीला खरोखरच दोर शिकवत बसले होते. डाव्या हातात वेटोळं धरलेलं, उजवा हात दोर पुढे आणतो, अंगठा प्रत्येक वेढ्याला किंचित पीळ देतो म्हणजे दोर भांडत नाही. तिला जमेना तेव्हा म्हणाले, "बघ हां, परत दाखवचंय नाय." आणि लगेच परत दाखवलं. मी पटकथेतलं "मी तुला शिकवतो, लक्ष दे" हे वाक्य तिथेच खोडलं. त्यानंतर त्यांना मी फक्त काम सांगितलं. दोर गुंडाळा. थांबा. तिच्या हातात द्या. मागे वळून बघू नका. शेवटच्या सीनमध्ये ते वळून बघत नाहीत, आणि त्या पाठीत जे आहे ते मला कुठल्याही सूचनेने आणता आलं नसतं.

उणिवाही सांगते. ९ जणांना एकच न्हाणीघर आहे, तेही मागीलदारी. पाणी तांब्याच्या बंबात तापतं, त्यामुळे पहाटेचं शूटिंग असेल तर रात्रीच आंघोळी उरकाव्या लागतात. खोलीत दोनच प्लग पॉइंट. ६ बॅटऱ्या, २ लॅपटॉप, फोन, सगळं चार्ज करायला आम्ही रात्री पाळ्या लावल्या. चांगला एक्स्टेन्शन बोर्ड सोबत न्याच. मोबाइलला रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात येते, मोठ्या फाइली कुठे चढवायचा विचार करू नका, दोन हार्ड डिस्क न्या आणि रोज रात्री दोन्हींवर उतरवा. एका संध्याकाळी वीज दीड तास गेली होती. काकांचा इन्व्हर्टर घरातल्या दिव्यांपुरताच आहे. रात्री साडेनऊनंतर जेवण मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे, काकी पाचला उठतात. मोठा टेम्पो दारापर्यंत येत नाही, सामान दोनशे पावलं उचलून आणावं लागतं. एसी हवा असेल तर ही जागा तुमची नाही.

तारखा मागताना शिमगा, गणपती आणि मे महिना सोडा, तेव्हा घर त्यांच्याच माणसांनी भरलेलं असतं. आचऱ्यात कुठला सीन घ्यायचा असेल तर गावपळण कधी आहे तेही विचारून घ्या. साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो, त्या दिवसांत गावात माणूस नसतो. ग्रामपंचायतीचा अर्ज आणि पोलीस ठाण्याचं पत्र काका सोबत येऊन करून देतात. रापणवाल्यांशी मात्र स्वतः बोला, ते मासे ओढत असताना मधे कॅमेरा नाचवू नका. आम्ही त्यांना शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी भेटलो, त्यांनी होकार दिला, आणि मग आमच्यातले दोन मुलगेही दोराला लागले.

एप्रिलमध्ये आम्ही चौघं पहिला कट, म्हणजे एडिट केलेली पहिली प्रत, दाखवायला परत गेलो. कॉलेजचा प्रोजेक्टर नेला होता. अंगणात दोन माडांच्या मधे काकींची चादर ताणली. शेजारची वीस-बावीस माणसं आली. सगळं नीट चाललं होतं. दोराचा क्लोजअप आला तेव्हा आबा पुढे वाकले, पण काही बोलले नाहीत. फिल्म संपल्यावर सगळे उठले तरी ते बसून होते. मग मला म्हणाले, "चेडवा, मी डावखुरो कधी झालंय?"

त्या तिसऱ्या सकाळी सूर्य आमच्या पाठीशी होता आणि आमच्या लांब सावल्या फ्रेममध्ये येत होत्या, म्हणून क्लोजअपला आम्ही दोराच्या पलीकडे गेलो होतो. १८० अंशाची रेषा (दोन पात्रांना जोडणारी कल्पित रेषा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो) ओलांडली गेली, आबा आणि नात एकमेकांकडे बघण्याऐवजी एकाच दिशेला बघताना दिसू लागले. एडिटला हे सापडल्यावर आम्ही तो शॉट आरशासारखा उलटा केला. नजरा जुळल्या, आम्हाला हायसं वाटलं. वर्गात कुणालाही काही खटकलं नाही. पण पडद्यावर आबांचा डावा हात दोर पुढे आणत होता आणि वेढे उलट्या बाजूने पडत होते. त्या अंगणातल्या प्रत्येक रापणकराला ते दिसलं होतं. बोलले एकटे आबा.

कोल्हापूरला येऊन तो शॉट परत सुलटा केला. नजरांचा प्रश्न सोडवायला मधे फक्त समुद्राचा एक शॉट घातला, पावणेसातचा, तळाच्या ओहोटीचा. नवी प्रत काकांच्या मुलाच्या फोनवर पाठवली. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला की आबांनी ती दोनदा पाहिली, आणि दुसऱ्यांदा पाहताना हातात दोर होता.